हळदीचं बेणं, हरिपूरचं पेव आणि आपली वही



गणपती गेले, दसरा जवळ आला की हळदीच्या प्लॉटात फुलं दिसायला लागतात. त्या आठवड्यात नव्यानं हळद केलेल्या कुणाचा तरी फोटो मला येतोच. "दादा, हे काय आलंय? रोग तर नाही ना? आणि याचं बी धरता येईल का?"

रोग नाही, निवांत राहा. ते हळदीचं फूल आहे. त्यातलं जे पांढरं-हिरवं, शेंड्याला गुलाबी झाक असलेलं दिसतं ते खरं फूल नव्हेच, ती फुलाची संरक्षक पानं. खरं फूल त्या पानांच्या खोबणीत असतं, लहान आणि पिवळसर. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही. बी का धरता येत नाही हे सांगायला गेलं की हळदीचा सगळा इतिहासच सांगावा लागतो. म्हणून यंदा एकदाच सविस्तर लिहून काढतोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. शेवटी लागवडीच्या कामाचंही आहे.

फूल येतं, बी येत नाही

बहुतेक पिकांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडचा आणि एक बापाकडचा. आपल्या हळदीत तीन संच आहेत, एकूण ६३ गुणसूत्रं. दोनाचे समान वाटे पडतात, तिनाचे पडत नाहीत. त्यामुळं फूल येऊनही त्यात रुजणारं बी क्वचितच तयार होतं. बी नसलेली केळी आपण खातो, तिथंही हाच हिशेब आहे.

अगदीच बी धरत नाही असं नाही. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेनं अशा दुर्मिळ बियांपासून रोपं वाढवून त्यांतून 'प्रभा' आणि 'प्रतिभा' हे वाण निवडले. पण ते संशोधन केंद्राचं काम. तुमच्या-माझ्या रानात हळद गड्ड्यानंच लावायची.

यातून एक गोष्ट निघते, आणि ती मला फार मोठी वाटते. ही हळद रानावनात आपली आपण वाढताना सापडत नाही. हळदीचे जंगली भाऊबंद आहेत, आंबेहळद आहे, कचोरा आहे. पण ही जेवणातली हळद माणसाच्या हाताशिवाय टिकलेली नाही. कुणीतरी दरवर्षी गड्डा काढला, त्यातला चांगला बाजूला ठेवला आणि पुढच्या वर्षी परत मातीत घातला. त्याच्या आधी त्याच्या बापानं तेच केलं. आज माझ्या सरीत असलेला गड्डा हा कुणाच्या तरी गड्ड्याचा तुकडा, तो आणखी कुणाच्या गड्ड्याचा तुकडा, असं मागं मागं जातं. एका अर्थी हळदीचा कंद कधी मेलेलाच नाही, त्याचे मालक तेवढे बदलत आले.

मागं किती जातं? हरियाणात फरमाणा नावाचं सिंधू संस्कृतीच्या काळातलं गाव उकरून काढलंय. तिथल्या स्वयंपाकाच्या भांड्यांना आणि पुरलेल्या माणसांच्या दातांना चिकटलेले पिठूळ कण अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत आलं आणि हळद यांचे कण मिळाले. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. म्हणजे फोडणीत हळद घालायची आपली सवय वेदांपेक्षाही जुनी असू शकते.

पुढं आयुर्वेदाच्या ग्रंथांत ती हरिद्रा म्हणून आली. निशा, रजनी, कांचनी अशी नावंही तिला मिळाली. १५६३ मध्ये गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं आपलं औषधांवरचं पुस्तक छापलं, त्यात हळद 'हिंदुस्थानचं केशर' म्हणून आलीय. त्याच्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी केरळात डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानं 'हॉर्टस मलबारिकस' नावाचे बारा खंड काढले, त्यातही हळद आहे. त्या ग्रंथाला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा केरळी वैद्य होता, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोकणी वैद्यही होते. १७५३ मध्ये लिनियसनं तिला 'कुरकुमा लाँगा' हे शास्त्रीय नाव दिलं. कुरकुमा हा शब्द अरबी 'कुर्कुम'वरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ केशर. केशर परवडत नाही त्यानं हळद वापरायची, हे जगभर चाललेलं आहे.

पेव फुटलं

आता आपल्या भागात येऊ. 'पेव फुटलं' असं आपण सहज बोलतो. खतांच्या दुकानांचं पेव फुटलं, शाळांचं पेव फुटलं. पण पेव म्हणजे काय हे आताच्या पोरांना विचारलं तर दहातल्या दोघांना तरी सांगता येईल का, शंका आहे.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मोठं, आकार रांजणासारखा. पूर्वी बऱ्याच गावांत ज्वारी पेवात ठेवायचे. सांगलीच्या बाजूला हरिपूर गाव आहे, कृष्णा-वारणेच्या संगमावर. 'शारदा' नाटक लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं जन्मगाव. या हरिपूरच्या शिवारात हळदीची पेवं होती, एकदोन नव्हेत, शेकड्यांनी. तिथली माती चिकट आणि घट्ट. पाणी आत झिरपत नाही आणि खणलेली भिंत ढासळत नाही. वीस-पंचवीस फूट खोल उतरायचं, तळाला आणि कडेनं उसाचा पाला-चटया लावायच्या, वाळलेली हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून बंद करायचं. एकेका पेवात शेकडो पोती मावायची.

हे चालतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. बंद पेवात हवा खेळत नाही. आतला प्राणवायू कमी होत जातो, म्हणून हळकुंडाला भोकं पाडणारा किडा आत जगत नाही. ऊन लागत नाही, म्हणून रंग उडत नाही. जमिनीखाली उन्हाळा-हिवाळा फार जाणवत नाही, म्हणून माल दोन-तीन वर्षंही टिकतो. ना वीज लागते, ना धुरीचं औषध. पेव उघडताना मात्र सांभाळावं लागायचं. तोंड उघडून बराच वेळ तसंच ठेवायचं, मग कंदील खाली सोडून बघायचा. कंदील विझला तर आत अजून हवा नाही, माणसानं उतरायचं नाही. आज ज्याला आपण हवाबंद साठवणूक म्हणतो आणि ज्याच्या पिशव्या विकत घेतो, त्याचं तत्त्व आणि पेवाचं तत्त्व एकच आहे.

सांगली हळदीची पेठ झाली त्यात या पेवांचा मोठा वाटा आहे. हळद आसपासच्या गावांतून येत होतीच, पुढं लांबूनही यायला लागली. पण माल नुसता येऊन चालत नाही, तो थांबवून धरता आला पाहिजे. सांगलीत तो थांबवता येत होता. जिथं माल थांबतो तिथं भावाचा अंदाज बांधणारे येतात. सांगलीत हळदीचा वायदे बाजारही त्यातूनच उभा राहिला.

इथं एक कडू गोष्ट सांगायला हवी. पेव ही हुशारी होती, पण तिचा फायदा कुणाला झाला? हळद जानेवारीत-फेब्रुवारीत काढायची, शिजवून वाळवून मार्चमध्ये बाजारात न्यायची. नेमकं तेव्हाच मार्चअखेरचं सोसायटीचं देणं, लग्नसराई, पुढच्या लागणीचा खर्च. शेतकऱ्याला त्याच महिन्यात पैसा लागतो आणि त्याच महिन्यात सगळ्यांची हळद एकदम बाजारात येते. ज्याच्याकडं पैसा होता त्यानं ती घेतली, पेवात घातली आणि भाव येईपर्यंत झाकण लावून बसला. मी यात व्यापाऱ्याला दोष देत नाही, त्याचा धंदाच तो. पण नऊ महिने वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला दहावा महिना थांबता येत नव्हतं आणि ज्यानं एक दिवसही रानात घातला नाही त्याला दोन वर्षं थांबता येत होतं, हे हळदीच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वाक्य आहे असं मला वाटतं.

मग २००५ चा महापूर आला. कृष्णेचं आणि वारणेचं पाणी हरिपूरच्या शिवारात शिरलं. शेकडो वर्षं पाणी झिरपू न देणाऱ्या मातीवरच नदी येऊन बसली. पेवांत पाणी गेलं, हळद कुजली, बरीच पेवं कायमची निकामी झाली. २०१९ आणि २०२१ ला परत पूर आले. तोवर माल गोदामात आणि शीतगृहात जायला लागला होता. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ज्या पेवांनी सांगलीचं नाव केलं त्यांच्यातली फार थोडी आता वापरात उरली आहेत.

ओल्या हळदीचं पुढं काय होतं याचा एक धडा बांगलादेशातूनही घेण्यासारखा आहे. तिथं १९८० च्या दशकातल्या मोठ्या पुरानंतर हळद ओली झाली, काळपट पडली. ती विकण्यासाठी पॉलिश करताना तिच्यावर पिवळाधमक लेड क्रोमेट चोळायची पद्धत पडली. लेड म्हणजे शिसं. लहान पोरांच्या मेंदूला ते घातक. पूर ओसरला, पद्धत मात्र तीस-चाळीस वर्षं राहिली. २०१९ मध्ये संशोधकांनी पुराव्यानिशी हे मांडलं, सरकारनं बाजारात छापे टाकले, दंड केले, आणि २०२१ पर्यंत तपासलेल्या नमुन्यांतलं शिशाचं प्रमाण शून्यावर आलं. मनात आणलं तर होतं. सांगायचं एवढंच की रंग हा हळदीचा गुण आहे आणि तोच तिचा शत्रू. गिऱ्हाईक फक्त पिवळेपणा बघत राहिलं तर कुणीतरी पिवळेपणाच विकायला लागणार. आपल्याकडं म्हण आहेच, पी हळद नि हो गोरी. तशी घाई करणाऱ्यासाठीच भेसळ असते.

हळद पूर्वेकडं सरकली

माझ्या वडलांच्या पिढीपर्यंत महाराष्ट्रात हळद म्हटलं की सांगली-सातारा. आता हळद म्हटलं की हिंगोली, नांदेड, परभणी. हा बदल एकदम झाला नाही.

इकडं कृष्णाकाठी पाणी वाढलं तसा ऊस वाढला. उसाला मजूर कमी, कारखाना तोडून नेतो, शिजवायचं नाही, वाळवायचं नाही. हळदीला लागण, भरणी, काढणी, शिजवणी, वाळवणी, पॉलिश, प्रत्येक पायरीला माणूस. पूर्वी काहिलीत शिजवायचे. मोठी कढई, खाली जाळ, वर हळदीचा पाला झाकलेला, अख्खी रात्र जागायची. एवढे कष्ट करायला माणसं मिळेनात.

तिकडं मराठवाड्यात पूर्णा प्रकल्पाचं आणि इसापूर धरणाचं पाणी होतं, काळी जमीन होती आणि कापसाला-केळीला जोड म्हणून काहीतरी हवं होतं. ठिबक आलं. वाफेवर हळद शिजवणारे बॉयलर आले, ट्रॅक्टरमागं लावून गावोगाव फिरायला लागले. काहिलीची रात्र संपली. तमिळनाडूतून आलेला सेलम वाण तिथं छान बसला. आज वसमतची हळदही भौगोलिक मानांकन घेऊन उभी आहे आणि वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र झालं आहे. तिथल्या भावांना मी मनापासून रामराम घालतो. पीक ज्यानं सांभाळलं त्याचं.

पण या बदलात एक गोष्ट मागं पडली. सेलम चांगला वाण आहे, उतारा देतो, मीही लावतो. मात्र तो आला आणि राजापुरी, कृष्णा, गावठी अशी जुनी बेणी बांधावरून हटली. वर म्हटलं तसं, हळदीला बी नाही. ज्वारीचं जुनं बियाणं डब्यात ठेवून चार वर्षांनी उगवून बघता येतं. हळदीचं बेणं एक हंगाम लावलं नाही तर वाळून संपतं. गावातल्या शेवटच्या माणसानं ते विकून टाकलं की तो वाण त्या गावापुरता मेला.

याच्या उलट उदाहरण वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात आहे. वायगावच्या लोकांनी आपलं जुनं बेणं सोडलं नाही. त्या हळदीत कुरकुमीनचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास असतं, सेलमपेक्षा सरस. २०१६ मध्ये वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण ध्यानात घ्या, मानांकनानं बेणं वाचलं नाही. बेणं वाचलेलं होतं म्हणून मानांकन मिळालं.

आजीची हळद आणि अमेरिकेचा कागद

हा भाग आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल, पण नीट ऐकला नसेल.

२८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोघा संशोधकांना एक पेटंट मिळालं. विषय काय, तर जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. विळा लागला की आपण चिमूटभर हळद दाबतो, त्याचं पेटंट! गंमत अशी की ते दोघं संशोधक भारतीय वंशाचेच होते.

त्या वेळी दिल्लीच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेल गावचे. परिषदेनं १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिलं. आता खरी अडचण इथं होती. आमच्या देशात प्रत्येक आजीला हे माहीत आहे, असं म्हणून तिकडं चालत नाही. तिकडं विचारतात, लिहिलंय कुठं? छापलंय कुठं? परिषदेनं ३२ संदर्भ गोळा केले. संस्कृत, हिंदी आणि उर्दूतले मजकूर, काही शंभर वर्षांहून जुने, शिवाय १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेख. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयानं ते दावे नाकारले. यात नवीन काही नाही, हे आधीपासून माहीत असलेलंच आहे, असा निकाल झाला. एका विकसनशील देशानं पारंपरिक ज्ञानाच्या मुद्द्यावर अमेरिकी पेटंट उलटवल्याचं हे पहिलं मोठं उदाहरण मानतात. लोकांनी या लढाईला गमतीनं 'हळदीघाटी' नाव दिलं. पुढं २००१ पासून आपल्या देशानं जुन्या ग्रंथांतलं औषधी ज्ञान संगणकावर नोंदवायला घेतलं, त्यामागं हाच अनुभव होता.

यातून मी शेतकरी म्हणून काय घेतलं? आजी बरोबर होती, पण आजीमुळं खटला जिंकला नाही. ज्यानं कधीतरी लिहून ठेवलं होतं त्याच्यामुळं जिंकला. आपण शेतकरी पिढ्यान्पिढ्या सगळं करतो आणि काही लिहीत नाही. उद्या कुणी आपल्याच गावच्या बेण्यावर हक्क सांगितला तर आपल्या हातात कागद काय?

भाव, आंदोलन आणि मंडळ

हळदीला हमीभाव नाही. त्यामुळं तिचा भाव पाळण्यासारखा वर-खाली जातो. २०१० च्या शेवटाला काही बाजारांत क्विंटलला १५ हजारांच्या पुढं भाव गेला. सगळ्यांनी हळद लावली. दोन वर्षांत तोच भाव पाच हजारांच्या खाली आला. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊ नये, ही म्हण तेव्हा गावागावात परत ऐकू आली.

शेजारच्या तेलंगणात निजामाबादच्या शेतकऱ्यांनी याला एक वेगळंच उत्तर दिलं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत त्या एका मतदारसंघात १८५ उमेदवार उभे राहिले, त्यांतले पावणेदोनशेच्या आसपास शेतकरी. मागणी एकच, हळदीला आणि ज्वारीला रास्त भाव द्या आणि हळदीसाठी वेगळं मंडळ करा. एवढ्या उमेदवारांसाठी मतदानयंत्रं जोडता जोडता निवडणूक आयोगाच्या नाकी नऊ आले. शेवटी १४ जानेवारी २०२५ ला, संक्रांतीच्या दिवशी, राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं आणि त्याचं मुख्यालय निजामाबादलाच झालं. मंडळ झालं म्हणजे भाव मिळाला असं नाही. पण मागणी नोंदवली की तिची दखल घ्यावी लागते, हे तिथं दिसलं.

आता रानातलं

इतिहास वाचून सरी भरत नाही, हे मलाही कळतं. म्हणून वरच्या सगळ्यातून मी माझ्या रानात काय पाळतो ते सांगतो. तुमची जमीन वेगळी, पाणी वेगळं, त्याप्रमाणं बदल करा.

बेणं प्लॉट उभा असतानाच ठरवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिरवा प्लॉट फिरून बघा. जिथं कंदकूज नाही, करपा कमी आणि फुटवे जोमदार, त्या ओळींना खूण करा. बेणं तिथलंच घ्या. सगळी हळद काढून ढिगातून निवडलेला गड्डा दिसायला चांगला असतो, पण तो कुठल्या झाडाचा हे कळत नाही. हळदीत रोग बेण्यातूनच पुढच्या वर्षी जातो, कारण पुढच्या वर्षीचं झाड म्हणजे यंदाच्याच झाडाचा तुकडा.

बेण्याला जेठा गड्डा धरा, ५० ग्रॅमच्या पुढचा, मुळ्या साफ केलेला, न कुजलेला. एकरी साधारण दहा क्विंटल लागतं. काढणीपासून लागणीपर्यंत दोन-अडीच महिने ते सावलीत ढीग करून, हळदीच्याच पाल्यानं झाकून ठेवा. ढिगावर पाणी मारू नका. अक्षय तृतीयेपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लागण उरका. उशीर झाला की पावसाळ्यात शाकीय वाढ अपुरी राहते आणि गड्डा पोसत नाही.

लागणीआधी बेणेप्रक्रिया चुकवू नका. क्विनॉलफॉस २५ टक्के प्रवाही २ मिलि आणि कार्बेन्डाझिम १ ग्रॅम प्रति लिटर पाणी, त्यात पंधरा-वीस मिनिटं बेणं बुडवायचं, मग सावलीत सुकवायचं. हातमोजे घाला. जैविक प्रक्रिया करायची असेल तर ती सगळ्यात शेवटी, लागणीच्या तोंडावर. औषधांची शिफारस दरवर्षी बदलू शकते, म्हणून कसबे डिग्रजच्या हळद संशोधन योजनेला किंवा तुमच्या कृषी विज्ञान केंद्राला एकदा विचारून घ्या.

गादीवाफा आणि ठिबक असेल तर उत्तमच, पण मुख्य गोष्ट निचरा. हळदीला ओल हवी, पाणी साठलेलं चालत नाही. अडीच-तीन महिन्यांनी भरणी करा. उघडा पडलेला गड्डा कंदमाशीला आमंत्रण आहे. आंतरपीक घ्यायचं तर घेवडा, कोथिंबीर असं लवकर निघणारं घ्या. मका टाळा, तो उंच होतो आणि हळदीच्या तोंडचं खातो.

पाला पूर्ण वाळल्याशिवाय काढणी करू नका. शिजवताना हळकुंडात काडी सहज घुसली की बास. कमी शिजली तर आत रंग सारखा पसरत नाही, जास्त शिजली तर रंग उतरतो. वाळवताना रात्रीचं दव लागू देऊ नका. ओल्याचं वाळून साधारण पाचाला एक पडतं, हे आधीच धरून हिशेब करा. आणि साठवायच्या मालात ओल दहा टक्क्यांच्या वर नको. मोडताना कट्ट आवाज आला पाहिजे.

आता साठवण. पेव तुम्हा-आम्हाला खणायचं नाही. पण थांबण्याची ताकद मिळवायची सोय आहे. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे आणि त्यात हळद आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, सहा महिन्यांच्या आत फेडायचं, व्याज वर्षाला सहा टक्के. तुमची बाजार समिती ही योजना चालवते का, गोदामात जागा आहे का, हे मार्चमध्ये नाही, डिसेंबरातच जाऊन विचारा. भाव वाढेलच असं कुणी सांगू शकत नाही, म्हणून सगळा माल धरू नका. गरजेपुरता विका, उरलेला ठेवा. हरिपूरच्या पेवानं जे दुसऱ्याला दिलं ते थोडं तरी आपल्याकडं राहील.

आणि शेवटचं, वही. साधी शंभर पानी वही चालेल. बेणं कुठून आलं, कुणाकडून, कुठला वाण, कुठल्या तारखेला लावलं, फूल कधी दिसलं, कुठल्या ओळीला रोग आला, ओली किती निघाली, वाळून किती राहिली, भाव काय मिळाला. एवढंच. पाच वर्षांनी त्या वहीला किंमत येते, पन्नास वर्षांनी तो पुरावा होतो.

तुमच्याकडं एक काम सोपवतो. तुमच्या गावात सेलम सोडून दुसरं जुनं बेणं कुणाकडं असेल, अगदी परड्यातल्या चार झाडांएवढंच असलं तरी, त्या म्हाताऱ्या माणसाशी जाऊन बोला. बेण्याचं गावातलं नाव काय, ते कुठून आलं, किती दिवसांत निघतं, लिहून घ्या. दोन गड्डे मागून आणा आणि यंदा बांधाला लावा. माझ्याकडं राजापुरीचं थोडं बेणं आहे. अक्षय तृतीयेच्या आधी कुणाला पाच-दहा गड्डे हवे असतील तर द्यायला हरकत नाही, विकत नाही. अट एकच, पुढच्या वर्षी त्यातले दोन गड्डे तुम्ही तिसऱ्याला द्यायचे आणि त्याची नोंद वहीत करायची.